चार ग्रॅम कोळशातला एकर



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात माझी आई सिस्टर होती. आम्ही इंदापूर तालुक्यातले. आई सकाळच्या एसटीनं बारामतीला यायची आणि दिवेलागणीला परतायची. ऑपरेशनचा वार कोणता, हे मला कॅलेंडर न बघता कळायचं. त्या दिवशी आई उंबरा ओलांडून आत आली की तिच्या पदराला, अंबाड्याला एक गोडसर, डोकं जड करणारा वास यायचा. इथरचा. वडील विचारायचे, "आज किती जणांना झोपवलं?" आई म्हणायची, "दोघांना पुरतं, मला अर्धं." आणि खरोखरच रात्रीची जेवणं उरकायच्या आत ती भिंतीला टेकून पेंगायला लागायची.

आम्ही हसायचो. पुढे मी स्वतः भूलतज्ज्ञ झाले, तेव्हा लक्षात आलं की आईच्या विनोदात एक नेमका प्रश्न दडलेला होता. भूल रोग्यासाठी, मग ती सिस्टरच्या पदरात कशी आली? आजचं बोलणं त्या प्रश्नाबद्दल आहे. पत्रिकेवर 'भुलीच्या वायूंचे गाळणद्रव्यांवरील पृष्ठशोषण' असं भारदस्त नाव छापलंय. ते मीच दिलं होतं. ते वाचूनही आपण आलात, याबद्दल मनापासून आभार.

आपण भाकरी खातो, चहा पितो, तापाची गोळी घेतो, त्याचं शरीर काहीतरी करतं. मोडतं, जाळतं, साठवतं. भुलीच्या वायूचं तसं नाही. आज सगळीकडे वापरलं जाणारं सेव्होफ्लुरेन घ्या. शंभर भाग शरीरात गेले, तर यकृत त्यातले दोन ते पाच भाग मोडतं. आयसोफ्लुरेनचा जेमतेम ०.२ टक्का मोडला जातो, डेसफ्लुरेनचा ०.०२ टक्का. १९५६ साली वापरात आलेलं आणि आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं चाललेलं हॅलोथेन त्या मानानं बरंच मोडायचं, साधारण पाचवा हिस्सा. बाकी सगळा वायू फुफ्फुसातून रक्तात, रक्तातून मेंदूत जातो आणि काम झालं की आल्या वाटेनं परत फिरतो. गुऱ्हाळावर ऊस चरकात घातला की एका अंगाला रस, दुसऱ्या अंगाला चिपाड. इथं ऊस आत जातो आणि पलीकडून ऊसच बाहेर येतो. मधल्या वेळात रोगी झोपलेला असतो, एवढंच.

शिवाय यंत्रातून आपण जेवढा वायू सोडतो, तेवढा सगळा रोगी घेतही नाही. मिनिटाला सहा लिटर प्रवाह लावला, तर त्यातला बराचसा रोग्याच्या फुफ्फुसांत न जाताच झडपेतून बाहेर पडतो. पाटाला जादा पाणी सोडलं की ते सऱ्या ओलांडून शेजारच्याच्या रानात जातं, तसंच.

मग तो जातो कुठं? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न फारसं कुणी विचारत नव्हतं. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचं अपेंडिक्स काढलं. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली, परिचारिकेच्या हातातली बॅटरीही विझली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ही हकिकत आपण शाळेपासून ऐकतो आणि प्रत्येक वेळी कंदिलापाशी थांबतो. मी भूलतज्ज्ञ, त्यामुळे मला तिथं दुसरंच दिसतं. त्या खोलीतले सगळेजण, शल्यविशारदापासून कंदील धरणाऱ्यापर्यंत, रोग्याबरोबर तीच हवा आत घेत होते.

डॉक्टरांच्या दवाखान्यातही तेच. तारेच्या चौकटीवर गॉज ताणायचं, ते तोंडावर धरायचं आणि बाटलीतून थेंब थेंब इथर सोडायचं. पुढे भूल देणारं बॉयलचं यंत्र आलं. त्याच्या काळ्या रबरी नळ्या आईला धुवाव्या लागत. या रबराची गोष्ट पुढे येणार आहे, ते लक्षात ठेवा. यंत्र आल्यावर जादा वायूसाठी एक पन्हाळीदार नळी आली आणि ती खिडकीच्या गजातून बाहेर सोडली गेली. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड होतं. त्याला झोप लागल्याचं कधी ऐकलं नाही.

माणसांचं काय, हा प्रश्न मात्र १९६७ च्या सुमारास सोव्हिएत रशियातल्या भूलतज्ज्ञांच्या पाहणीपासून गंभीरपणे पुढे आला. १९७४ साली अमेरिकेत शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्यांची मोठी पाहणी झाली आणि तिथल्या स्त्रियांमध्ये गर्भपातांचं प्रमाण अधिक दिसलं. त्या पाहणीच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्त होते. तरीही १९७७ साली तिथल्या कामगार-आरोग्य संस्थेनं मर्यादा सुचवली. हॅलोथेनच्या जातीचे वायू हवेच्या दहा लाख भागांत दोन भागांहून जास्त नकोत, नायट्रस ऑक्साइड पंचवीस भागांहून जास्त नको. दहा लाखांत दोन म्हणजे किती थोडं, हे नाकाला विचारून उपयोग नाही. हॅलोथेनचा वास यायला लागतो, तोवर ही मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते. आईच्या पदराला घरी पोहोचेपर्यंत वास टिकायचा. यावरून खोलीत काय असेल, त्याचा अंदाज करा.

आणि एक गोष्ट इथं जमलेल्या छोट्या दवाखान्यांच्या मालकांसाठी. जुन्या शस्त्रक्रियागृहात खिडक्या उघड्या असत आणि माश्या येत. आता खिडक्या बंद झाल्या, भिंतीवर स्प्लिट एसी आला. हा एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो. वायू बाहेर न्यायची नीट सोय नसेल, तर माश्या गेल्या आणि भूल मुक्कामाला राहिली, एवढाच फरक पडला.

कोरोनानंतर आपण सगळे मास्कतज्ज्ञ झालो आहोत. त्यामुळे हमखास विचारलं जातं, एन-९५ लावला तर? हेपा फिल्टर बसवला तर? दोन्हींचा इथं उपयोग शून्य. या गाळण्या कणांसाठी आहेत. कोरोनाचा विषाणू साधारण शंभर नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर बसतात. तंतूंच्या जाळ्यात तो आपटून, चिकटून अडकतो. सेव्होफ्लुरेनचा रेणू एक नॅनोमीटरही भरत नाही. तो प्राणवायूच्या बरोबरीनं चालतो. ज्या वाटेनं तुमचा श्वास जातो, त्याच वाटेनं तोही जातो. श्वास अडवल्याशिवाय त्याला अडवता येत नाही. म्हणजे चाळणीचं हे काम नव्हे. त्याला अडवायचं नाही, बसायला जागा द्यायची.

ही युक्ती ज्या वस्तूला जमते, ती आपल्या परिसराला नवी नाही. ती म्हणजे कोळसा.

कोळशाची ही करामत शेले या स्वीडिश रसायनज्ञानं १७७३ साली वायूंच्या बाबतीत पाहिली. लोविट्झनं १७८५ साली रशियात पाहिलं की कोळशाची पूड रंगीत द्रावणाचा रंग ओढून घेते. आणि याचा पहिला मोठा धंदेवाईक उपयोग कुणी केला? साखरवाल्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपातले साखर शुद्ध करणारे कारखाने काळपट पाक हाडांच्या कोळशातून गाळू लागले. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार घालताना हाडांचा मुद्दा आपल्याकडे किती पेटला होता, हे जुन्या मंडळींनी आपल्या आजोबांकडून ऐकलं असेल. आपले कारखाने चुना आणि गंधकाच्या धुरीवर रस स्वच्छ करतात, तिथं हाडांचा संबंध नाही. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी माझ्या नावावर भलतंच काही पसरवेल. पुढे १९०० च्या सुमारास ओस्ट्रेज्को यांनी कोळसा 'जागा' करण्याची पेटंटं घेतली, आणि त्या कोळशाची पहिली गिऱ्हाइकंही साखरेच्या धंद्यातलीच होती. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आले, तेव्हा हाच कोळसा सैनिकांच्या मुखवट्यात गेला. रशियात झेलिन्स्की यांनी १९१५ साली तसा मुखवटा केला, अमेरिकेत नारळाच्या करवंट्या आणि पीचच्या बिया लोकांकडून गोळा करून त्यांचा कोळसा पाडला गेला. मुखवट्यातून तो भूलतज्ज्ञांकडे आला. म्हणजे माझ्या धंद्यात कोळसा आला तो साखरेच्या वाटेनं. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर ही नावं ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत आणि साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारं वालचंदनगर ज्यांच्या शेजारी आहे, त्यांच्यासमोर हे सांगताना मला घरचंच काही सांगितल्यासारखं वाटतं.

जागा करणं म्हणजे काय? वेड्या बाभळीचा कोळसा आपण पाहिलेला आहे. लाकूड रचायचं, मातीनं लिंपायचं, कमी हवेत धुमसत ठेवायचं. हा झाला साधा कोळसा. तोच आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवून त्यावर पाण्याची वाफ सोडली, की वाफ कार्बन कुरतडत आत शिरते. भोकात भोक, त्या भोकात आणखी भोक. करवंटी मुळात घट्ट, म्हणून तिच्यात बारीक, दोन नॅनोमीटरहूनही अरुंद बिळं जास्त पडतात, आणि वायूच्या रेणूला अशीच अडचणीची जागा लागते. उसाच्या चिपाडापासूनही असा कोळसा करता येतो. प्रयोगशाळांमधून तो पुष्कळदा झालेला आहे. त्याची बिळं थोडी ऐसपैस निघतात. रंगाच्या मोठ्या रेणूंना ती बरी, भुलीला करवंटीच बरी.

आता शेतकऱ्यांसाठी हिशोब. अशा चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमला, आतली सगळी बिळं उलगडून पसरली तर, साधारण हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. एक गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटर. तेव्हा एक ग्रॅम म्हणजे दहा गुंठे. चार ग्रॅममध्ये एक एकर. पाव किलोचा डबा भरला, की साठ एकरांच्या वर जमीन झाली. बारमाही बागायतीला सीलिंगची मर्यादा अठरा एकर आहे. माझ्या टेबलावरचा डबा तलाठ्यानं पाहिला नाही म्हणून बरं.

एवढ्या रानावर वायूचा रेणू येऊन बसतो. बसतो हा शब्द महत्त्वाचा. पाणी जमिनीत मुरतं, म्हणजे जमिनीच्या पोटात जातं. ते शोषण. इथं मुरणं नाही, पृष्ठावर बसणं आहे, म्हणून पृष्ठशोषण. काही पुस्तकांत अधिशोषण हा शब्द सापडेल. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, उथळ जागा बघून उभे राहतात. आणि ऊन तापायला लागलं की उठून जातात. कोळशावरचा रेणूही तसाच. त्याला तिथं धरून ठेवणारी ओढ फार दुबळी असते. डबा तापवा, की तो उडाला.

कोण बसेल आणि कोण बसणार नाही, हे बरंचसं उत्कलनबिंदूवरून कळतं. ज्या पदार्थाला द्रव राहायला आवडतं, तो कोळशावर लवकर बसतो. सेव्होफ्लुरेन ५८ ते ५९ अंशांना उकळतं, हॅलोथेन ५० च्या आसपास, आयसोफ्लुरेन ४९ च्या. हे तिघे शहाण्यासारखे बसतात. डेसफ्लुरेन २३ अंशांना उकळतं. आपल्या एप्रिलमध्ये, पंख्याखाली ठेवलेल्या बाटलीचं बूच काढलं तर ते डोळ्यांदेखत उकळायला लागेल. म्हणून त्याची बाटली आणि त्याचं यंत्र दोन्ही वेगळी. ते कोळशावर बसतं, पण चुळबुळ करत. आणि नायट्रस ऑक्साइड, ज्याला आपण हास्यवायू म्हणतो, तो उकळतो शून्याखाली ८८ अंशांना. तो कोळशाकडे ढुंकूनही बघत नाही. सरळ आरपार.

या हास्यवायूपाशी मला जरा थांबायचंय, कारण आपल्या दोन तालुक्यांत तो माझ्यापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे. उसाला युरिया टाकला आणि पाटानं पाणी तुंबवलं, की दमट, कोंडलेल्या मातीतले जिवाणू त्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात. माणसामुळे जगात जो हास्यवायू वाढतो, त्याचा सर्वांत मोठा वाटा शेतीचा आहे. दवाखान्यांचा त्यापुढे किरकोळ. एक किलो हास्यवायू शंभर वर्षांत २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो आणि हवेत शंभराहून अधिक वर्षं टिकतो. तुमच्या रानातल्या वायूला कोळशाचा डबा लावता येत नाही, माझ्या नळीतल्या वायूलाही नाही. दोघांनाही एकच उपाय उरतो, तो म्हणजे कमी सोडणं. तुम्ही ठिबक करता आणि खत विभागून देता. मी नायट्रस बंद करून हवा आणि प्राणवायूवर काम भागवते. स्कॉटलंडमधल्या रुग्णालयांनी तपासलं, तेव्हा नळांतून पुरवल्या जाणाऱ्या हास्यवायूतला बहुतेक भाग रोग्यापर्यंत न पोहोचताच गळतीत जात असल्याचं दिसलं. तिथं मग नळच बंद करण्याची मोहीम निघाली. चारीला भगदाड असेल तर पिकाला दोष देऊन काय होणार?

कोळशाखेरीज दुसरी एक वस्तू आहे आणि ती तर आपल्या पायाखाली आहे. विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या पोकळीतून पांढरे, दुधी, कधी फिकट गुलाबी स्फटिक निघतात. मुलं त्याला गारगोटी म्हणून खिशात घालतात. त्यातले पुष्कळसे झिओलाइट जातीचे असतात. दख्खनच्या बेसॉल्टमधले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि सिन्नरचं गारगोटी संग्रहालय तर त्यांच्यासाठीच उभं राहिलं. १७५६ साली क्रोनस्टेट यांनी असा एक खडा तापवला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्यांनी ग्रीकमधून नाव दिलं, 'उकळणारा दगड'. फसफसलं ते त्याच्या आत बसलेलं पाणी. कोळशाची बिळं वेडीवाकडी, झिओलाइटची मात्र गवंड्यानं ओळंबा लावून बांधल्यासारखी, सगळी एका मापाची. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर ठिकठिकाणच्या रुग्णालयांच्या आवारात प्राणवायूचे प्रकल्प बसले, त्यांच्या टाक्यांत कारखान्यात घडवलेला झिओलाइटच असतो. दाबाखाली तो हवेतला नायट्रोजन धरतो आणि प्राणवायू पुढे सोडतो, दाब काढला की नायट्रोजन सोडून पुन्हा रिकामा होतो. भुलीच्या वायूसाठीही झिओलाइट वापरतात, कॅनडात तसे डबे निघाले. पण विहिरीतली गारगोटी फोडून डब्यात भरू नका. तिला पाणी फार प्रिय आहे आणि रोग्याच्या श्वासात वाफच वाफ. सगळी जागा पाणीच अडवून बसेल. म्हणून सिलिका भरपूर आणि ॲल्युमिनियम अगदी कमी असलेला, पाण्याला नको म्हणणारा झिओलाइट मुद्दाम बनवावा लागतो. कोळशालाही दमट हवेचा त्रास होतोच, थोडा कमी.

आता डबा. यंत्राच्या बाहेर जाणाऱ्या नळीला कोळशाचा डबा जोडायचा, ही कल्पना ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात चांगली रुळली. वीज नको, नळ नको, भिंत फोडायला नको. छोट्या दवाखान्याला यापेक्षा सोयीचं काही नाही. अडचण एकच: डबा भरला हे कळणार कसं? रंग बदलत नाही, वास येत नाही. उत्तर असं की त्याचं वजन करायचं. जेवढी भूल बसली, तेवढा डबा जड झाला. बाजारातल्या एका प्रचलित डब्याला पन्नास ग्रॅम वाढ झाली की तो बदलायचा असतो.

काटा म्हटल्यावर मागच्या दोन रांगांमध्ये हालचाल झाली, ती मला दिसली. उसाच्या गाडीचं वजन बाहेरच्या काट्यावर करून मगच कारखान्याच्या काट्यावर जाणारी माणसं तुम्ही. तेव्हा हा हिशोब तुम्ही तपासा. भूलतज्ज्ञांचा एक ढोबळ नियम आहे: तीन गुणिले मिनिटाचा प्रवाह लिटरमध्ये, गुणिले वायूची टक्केवारी, उत्तर येईल तासाला लागणारं द्रव औषध, मिलिलिटरमध्ये. सहा लिटर प्रवाह आणि दोन टक्के सेव्होफ्लुरेन. तीन सक अठरा, अठरा दुणे छत्तीस. तासाला छत्तीस मिलिलिटर. याची घनता दीडच्या वर, म्हणून वजन भरतं पंचावन्न ग्रॅम. यातलं थोडं रोग्याच्या अंगात राहील, तेही तो पुढे सोडेल. म्हणजे पन्नास ग्रॅमचा डबा एका तासात, फार तर सव्वा तासात संपला. एक साधं हर्नियाचं ऑपरेशन आणि डबा गेला. तोच प्रवाह एक लिटरवर आणा. तासाला सहा मिलिलिटर, नऊ ग्रॅम. डबा पाच-साडेपाच तास चालेल. सुरुवातीला काही मिनिटं प्रवाह मोठा ठेवावा लागतो, ते धरूनही फरक किती पडतो बघा. कोळसा तोच, डबा तोच. फरक माझ्या बोटांनी फिरवलेल्या एका बटणाचा.

हवामानाच्या भाषेत बोलायचं, तर सेव्होफ्लुरेनचा एक ग्रॅम शंभर वर्षांच्या हिशोबात साधारण १९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात, आयसोफ्लुरेनचा ५३९ आणि डेसफ्लुरेनचा २,५९०. सहा लिटरवरचं तासभर सेव्होफ्लुरेन म्हणजे साडेचार लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. मोटारसायकलवर बारामतीहून पुण्याला जाऊन येण्याइतकं. डेसफ्लुरेन सहा टक्के लागतं. ते एक लिटर प्रवाहावर काटकसरीनं दिलं तरी एका तासाला पुण्याच्या सहा-सात फेऱ्या. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की हे वायू हवेत फार वर्षं टिकत नाहीत, त्यामुळे शंभर वर्षांचा हा हिशोब त्यांना लावणंच चुकीचं आहे, आणि एकूण तापमानवाढीत त्यांचा भाग नगण्य आहे. त्यात तथ्य आहे. मी डेसफ्लुरेन सोडलं ते त्या आकड्यांच्या धाकानं नाही. त्याच्यावाचून माझं काही अडत नव्हतं म्हणून. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२६ पासून त्याचा वापर वैद्यकीय गरज असेल तेवढ्यापुरताच ठेवला आहे.

काळ्या रबरी नळ्यांची गोष्ट राहिली. हॅलोथेन रबरावर नुसतं बसत नाही, त्यात मुरतं. एका घनफळाच्या रबरात, बाहेरच्या हवेतल्यापेक्षा शंभर पटींहून जास्त. त्यामुळे बटण बंद केलं तरी नळी तासन् तास थोडं थोडं हॅलोथेन सोडत राहते. एरवी ते चालून जातं. पण १९६० साली मेलबर्नमध्ये डेनबरो आणि लॉव्हेल यांनी एका तरुणाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याचा पाय मोडला होता आणि त्याला पायापेक्षा भुलीची धास्ती जास्त होती, कारण त्याच्या घरातली दहा माणसं इथरच्या भुलीत दगावली होती. रक्तातून उतरणारा हा दोष. भुलीचा वायू लागला की स्नायू पेटतात, ताप झपाट्यानं चढतो. अशा माणसाला वायूचा अंशही चालत नाही, त्याला शिरेतून भूल द्यायची. पण यंत्र तर कालच्या रोग्याची भूल पोटात धरून बसलेलं! आजच्या यंत्रांत रबर कमी झालं तरी प्लॅस्टिक आहे, झडपा आहेत, कार्बन डायऑक्साइड टिपणारा सोडालाइमचा डबा आहे. नुसता प्राणवायू सोडून यंत्र धुवायचं तर मॉडेलप्रमाणे तास-दीड तासही लागतो. इथं कोळसा उलट्या कामाला येतो. रोग्याकडे जाणाऱ्या आणि त्याच्याकडून येणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांना कोळशाची एकेक गाळणी लावली, की दोन मिनिटांच्या आत रोग्यापर्यंत पोहोचणारा वायू दहा लाखांत पाच भागांच्या खाली येतो. एरवी जगाला रोग्यापासून वाचवणारा कोळसा इथं रोग्याला यंत्रापासून वाचवतो. मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा उपयोग हाच वाटतो.

दुसरा देखणा उपयोग स्वीडनमधून आला. अतिदक्षता विभागातल्या रोग्याला दिवसेंदिवस गुंगीत ठेवायचं असतं, तिथं भलंमोठं यंत्र नाही. तोंडाजवळच कोळशाच्या नमद्याची एक गाळणी बसवतात. रोग्यानं श्वास सोडला की भूल त्या नमद्यावर बसते, पुढचा श्वास घेतला की आत येणारी हवा तिला उठवून परत घेऊन जाते. दहातले नऊ भाग असे जातात-येतात. तीच भूल पुन्हा पुन्हा. आपल्या आज्या फोडणीचं उरलेलं तेल असंच पुरवायच्या.

इथवर कोळशाचं कौतुक झालं. आता न आवडणारा भाग. कोळसा भूल धरतो, संपवत नाही. पन्नास ग्रॅम भरलेला डबा मी काढून बाजूला ठेवला, तर त्यातली भूल त्यातच आहे. तो मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, बेचाळीस अंशांत, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत चार दिवस पडला, तर रोहित पक्षी उठून गेले म्हणून समजा. शस्त्रक्रियागृहातली हवा स्वच्छ राहिली, ही गोष्ट खरीच आणि लहान नव्हे. त्या खोलीत रोज आठ तास उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी ती फार मोठी आहे. पण वायू आभाळात जायचा तो गेलाच, फक्त चार दिवस उशिरा आणि वेगळ्या दारानं. जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीत, नियमाप्रमाणे हजार अंशांच्या वर, तो मोडेलही. डबा तिथवर घट्ट बंद होऊन पोहोचला तर. युरोपात भरलेले डबे परत नेऊन, वायू उठवून, शुद्ध करून पुन्हा औषध करण्याचे कारखाने निघाले आहेत. कल्पना चांगली आहे. पण जर्मनीतल्या एका रुग्णालयानं हिशोब केला, तो २०२२ साली छापून आला. वापरलेल्या डेसफ्लुरेनपैकी डब्यातून परत मिळालं ते सुमारे पंचवीस टक्के. उरलेलं काही रोग्याबरोबर वॉर्डात गेलं, काही घरी, काही गळतीत. आईच्या पदराची आठवण मला तो आकडा वाचून आली.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी डबा विकत घ्यायला शेवटी सांगते. आधी नळीचे सांधे तपासा. मुखवटा नीट बसवा. प्रवाह एक लिटरवर आणायला शिका आणि वायू मोजणारा मॉनिटर चालू ठेवा, कारण त्याच्याशिवाय कमी प्रवाह म्हणजे डोळे झाकून गाडी चालवणं. जिथं कमरेतल्या इंजेक्शनानं काम होतं, तिथं वायू काढूच नका. आपल्याकडची बहुतेक सिझेरियन तशीच होतात. आणि मग डबा.

मी स्वतः कोळशाचा डबा वापरायला लागले, तेव्हा शस्त्रक्रियागृहात किराणा दुकानात असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा आणून ठेवला. आमच्या सिस्टरनं त्यासाठी जाड पुठ्ठ्याची वही केली आणि पट्टीनं रकाने आखले. तारीख, ऑपरेशन, प्रवाह, टक्केवारी, आधीचं वजन, नंतरचं वजन. सहा रकाने रोज भरले जातात, कधी खाडाखोड असते, कधी पेन बदललेलं असतं. सातवा रकाना तिनं स्वतःहून आखला आणि वर लिहिलं, 'डबा पुढे कुठे गेला'. वही निम्मी भरत आली. तो रकाना अजून कोराच आहे.